चढते ठिपके

मिस्त्रीनं बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि आता एका कागदावरचे ठिपके त्याच्या नोकरीवर उठले होते. काय म्हणावं या जगाला!

नव्या साहेबांनी कंपनीच्या तीस इमारतींचा आलेख काढला होता. आडव्या रेषेवर मिस्त्रीच्या फेऱ्या, उभ्या रेषेवर लिफ्टचे बिघाड, आणि प्रत्येक इमारतीचा एक ठिपका. ठिपके डावीकडून उजवीकडे चढतच गेलेले. चार वाजता मोठ्या साहेबांपुढे तो कागद गेला, की मिस्त्रीला नारळ.

तो कागद घेऊन नवे साहेब आणि मिस्त्री बरोबरच वर निघाले होते. सातव्या-आठव्याच्या मध्ये लिफ्ट धाडकन थांबली.

"बघा! तुम्ही पाऊल ठेवलंत की बंद," साहेब म्हणाले.

"अहो साहेब, जुनी लिफ्ट सारखी बिघडते, म्हणून मला सारखं जावं लागतं. आजाऱ्याच्या घरी डॉक्टरच्या फेऱ्या जास्त होतात, म्हणून डॉक्टरच आजार आणतो काय? आडव्या रेषेवर लिफ्टचं वय घालून बघा, तेही ठिपके असेच चढतील."

"सहसंबंध शून्य पूर्णांक नऊ आहे, मिस्त्री. आकडे खोटं बोलत नाहीत."

"आकडे बोलतात कुठे? बोलताय ते तुम्ही."

साहेबांनी तोंड फिरवून तक्रार केंद्राला फोन लावला. "लगेच माणूस पाठवतो," असं उत्तर आलं, आणि मिस्त्रीच्याच खिशातला फोन वाजायला लागला. त्याला हसू आलं, रडूही आलं. फोन घेतला, की आणखी एक बिघाड, आणखी एक फेरी.

"ही फेरी मोजणार नाही म्हणा, लगेच उघडतो," तो म्हणाला.

"असं सोयीनं गाळता येत नाही," साहेब कसंबसं म्हणाले. त्यांचा सदरा घामानं चिकटला होता, धाप लागली होती. मिस्त्रीनं मनातल्या मनात त्यांना चार शिव्या हासडल्या. राहू दे कोंडून, असं त्याला फार वाटलं. पण समोर माणूस गुदमरतोय आणि आपण हाताची घडी घालून बघायचं, हे काही त्याला जमेना. त्यानं फोन घेतला, "पोचलो" म्हणाला, दाराच्या वरची कडी सोडवली आणि साहेबांना कमरेला धरून आठव्या मजल्यावर चढवलं.

साहेब फरशीवरच बसले. मिस्त्रीनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. ते घटाघटा प्यायले, "उपकार झाले हो," म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. मग खिशातून पेन्सिल काढून त्यांनी कागदावरचा या इमारतीचा ठिपका खोडला आणि जरा उजवीकडे, जरा वर, नव्यानं काढला.