कोंडवाड्यातला मूळपुरुष

घराण्याच्या वंशवृक्षात ब्रायनीचे नाव भरायचे नाही, असे विल्फ्रिडकाकांनी मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात पत्राने कळवले. कारण एकच: रक्त. त्यांच्या दिवंगत भावाने ब्रायनीला तान्ही असताना दत्तक घेतले होते. आज चौतिसाव्या वर्षी काकांची सारी मेंढरे तीच सांभाळते. मेंढरांना रक्ताची अडचण नसावी.

काकांचे रक्त एका नॉर्मन सरदाराचे. पुरावा म्हणून जत्रेतल्या दुकानातून आणलेले चौकटीतले राजचिन्ह. आमचे आडनाव पिंडर. पिंडर म्हणजे भटक्या जनावरांच्या कोंडवाड्याचा राखणदार, हे यॉर्कशायरमधला कोणताही शेतकरी सांगेल. आपले आडनाव मात्र त्याला अपवाद, ही घराण्याची श्रद्धा. हेस्टरआत्यांनी वंशवृक्ष कापडावर भरला होता, शेंड्याला घोड्यावरचा सरदार. ज्ञात पूर्वजांत सर्वांत जुना मॅथ्यू. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद मात्र कुणाला सापडली नव्हती. सगळ्यांनी माणसांच्या वह्या चाळल्या होत्या. पत्र वाचून मी, ब्रायनीची चुलत बहीण, थंड डोक्याने कोंडवाड्यातल्या जनावरांच्या वहीची नक्कल मागवली.

मेळाव्याला कोठारात एकशे चाळीस पिंडर जमले होते. मांस भरलेल्या पोर्क-पाय पेस्ट्र्या संपत आल्या, तशी मी उभी राहून नक्कल वाचली.

"सन सोळाशे त्र्याऐंशी. कोंडवाड्यात आढळले: तांबडी कालवड एक, मेंढ्या दोन, मुलगा एक, वय दोन महिने. चर्चच्या दारात व दोन बाजारांत, असा तीनदा 'कुणाचे?' म्हणून हाकारा दिला."

"हे काय वाचतेस?" काका गरजले.

"आपला मूळपुरुष, काका. पुढे ऐका. 'वर्ष आणि एक दिवस उलटला. मालक आला नाही. कालवड व मेंढ्या जहागीरदाराच्या. मुलगा मॅथ्यू, राखणदार पिंडर आपल्या घरी ठेवून घेतो.'"

मागून कुणीतरी लांबलचक हंबरले. सर्वांत आधी हसल्या त्या एक्याण्णव वर्षांच्या हेस्टरआत्या. इतक्या, की त्यांचा चहा सांडला.

"अरे विल्फ्रिड, दत्तकाचे रक्त चालत नसेल, तर आपण सगळेच उपरे की रे! आणि मेला तो घोडा भरायला मी दोन हिवाळे घालवले!"

"कायदा कायदा आहे," काका पुटपुटले. "हाकारा दिल्याशिवाय पोर ठेवून..."

"मग दे की! घराण्याचा कर्ता तू. राखणदारही तूच," आत्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा बिटासारखा लाल झाला. ब्रायनी दाराशी हात बांधून उभी होती. "राहू दे काका," ती म्हणाली, "कोकरांना दूध पाजायचे आहे, ती वाट बघताहेत."

"गप्प उभी राहा, पोरी," काका खेकसले आणि बाकावर चढले. तीस वर्षे मेंढीबाजारात बोली पुकारलेला आवाज त्यांनी लावला. "ही पोर कुणाची?"



"दुसऱ्यांदा विचारतो, कुणाची?"

बाहेर एक मेंढी ओरडली. "तिचा दावा धरायचा नाही!" आत्या म्हणाल्या.

"तिसऱ्यांदा..." काकांचे वाक्य पुरे झालेच नाही. एकशे चाळीस गळ्यांनी ते पुरे केले: "आमची!"

आत्यांनी वंशवृक्षाचे कापड उलगडून सुई पुढे केली. दोरा काकांनी ओवला, चौथ्या प्रयत्नात. भरतकाम ब्रायनीला कधीच जमले नव्हते. आपल्या नावाचा तिने घातलेला पहिला टाका थेट सरदाराच्या घोड्यातून गेला, आणि तो उसवायला कुणीही पुढे आले नाही.