होडी अर्धीच बरी होती

मित्रांनो, मला राग आला आहे, आणि तो निवायच्या आत मी सगळं सांगून टाकणार आहे. मी एक जुना जिगसॉ आहे, म्हणजे लाकडी तुकडे जुळवून पूर्ण करायचं चित्र.

माझा जन्म अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात झाला. अंगावरचं चित्र मात्र फार जुनं. युरोपात छपाई नवी नवी होती, तेव्हा कुणा कारागिराने ते लाकडावर कोरलं, आपल्याच गावातल्या शहाण्यांची टिंगल करायला. चित्रात होडीभर माणसं आहेत. सगळ्यांच्या डोक्यावर गाढवाच्या कानांच्या, घुंगरं लावलेल्या टोप्या. एकाने वल्ही मोडून चुलीत घातली आहेत. दुसरा आत शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून होडीच्या तळाला भोक पाडतो आहे. आणि मधोमध एक जण आपल्या घोड्यालाच पाठीवर घेऊन उभा आहे. का, तर चालून चालून घोडा दमेल! त्या घोड्याचे डोळे तुम्ही एकदा बघायलाच हवेत.

मला कापणारा माणूस म्हणाला होता, "हे कोण घेणार? गुलाबाची फुलं छापा की." त्याचं खरं झालं. दुकानात मी धूळ खाल्ली. मग कुणीतरी मला ऑफिसातल्या भेटवस्तूंसाठी उचललं आणि चिठ्ठ्या टाकून मी तिथे काम करणाऱ्या चेतनाच्या वाट्याला आलो. तिने झाकण उघडून टोप्या बघितल्या. "ई! पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी सरकवते." झालं. माझी रवानगी वाकोल्याला, तिच्या घरच्या माळ्यावर, मिक्सरच्या रिकाम्या खोक्याशेजारी.

तिथून मला खाली उतरवलं ते तिच्या सासूबाईंच्या आजारपणाने. द्रौपदीबाईंचा उजवा हात लकव्याने गेला होता. व्यायाम शिकवणाऱ्या क्षमाताईंनी बजावलं होतं, "आजी, रोज काहीतरी चिमटीत धरून उचलायचं. आणि कुणाची मदत घ्यायची नाही हं."

त्यात घर नवं. चाळ पाडून तिच्या जागी टॉवर झाला, त्यात ही मंडळी राहायला आली, पण नव्या घरात भंतेजींकडून करून घ्यायचा परित्राण पाठ आजारपणामुळे राहूनच गेला होता. द्रौपदीबाईंनी एक दिवस जाहीर केलं, "भंतेजींना बोलवा. पण पाठाची मेणबत्ती मी पेटवणार. याच हाताने. कुणी माझा हात धरून पेटवलेली मला चालायची नाही." काडी ओढायची तर चिमटीत जोर हवा. तो जोर आणायला मी.

कॅरम बोर्ड उलटा करून त्यावर मला मांडलं. बाई डाव्या हाताने उजवा हात उचलून बोर्डावर ठेवायच्या आणि एकेका तुकड्याशी भांडायच्या. "ये ना रे मेल्या! हा टोपीवाला बघा अहो, डिट्टो आपला सोसायटीचा सेक्रेटरी!" त्यांचे यजमान अंबादासराव पेपराआडून हळूच तुकडा पुढे सरकवायचे.

"हात काढा आधी. लकवा मला झालाय, तुम्हाला नाही."

"अगं, मदत करतोय."

"तीच नको."

माझं कौतुक कुणी असं भांडून केलं नव्हतं. तुकडे घामाने ओले व्हायचे, जमिनीवर पडायचे, मला काही वाटायचं नाही. बाकीच्यांचा मात्र संताप यायचा. चेतना त्यांना घास भरवायची, वेणी घालायची. मुलगा प्रितम चपला पायात सरकवायचा. प्रेमानेच, नाही कशाला म्हणू? माझ्या चित्रातल्या त्या माणसाचंही घोड्यावर प्रेमच होतं.

आणि मग त्या दोघांनी जे केलं, ते मी विसरणार नाही. बाई नवऱ्याबरोबर व्यायामाला गेल्या होत्या. प्रितम म्हणाला, "ए चेतना, आपण हे पूर्ण करून टाकू. फ्रेमवाला मागून डिंक लावून पक्कं करून देईल. पाठाला सगळे येतील ना, सांगू आईने बनवलं. झकास सरप्राइज!"

डिंक! मला! मित्रांनो, जिगसॉ मोडायचा, जोडायचा आणि परत मोडायचा असतो. एवढं साधं तुम्हाला कळतं, या शिकल्यासवरल्या माणसांना कळू नये? दुपारभर बसून दोघांनी ती होडी भरून काढली. बाईंनी इतके दिवस घाम गाळून जेमतेम अर्धी जुळवली होती. शेवटी घोड्याचा एक डोळा तेवढा सापडेना. सोफा हलवला, केरसुणी फिरवली. नाहीच.

तेवढ्यात बाई दारात आल्या.

"आई, सरप्राइज! पण यार, एक तुकडा हरवलाय."

बाईंनी मूठ उघडली. रिक्षात बसल्या बसल्या सराव व्हावा म्हणून त्या तो बरोबर घेऊन गेल्या होत्या.

"दे ना, मी लावतो."

त्यांनी दिला नाही. कितीतरी वेळ खटपट करून स्वतःच घोड्याला डोळा बसवला. चेतनाने टाळ्या वाजवल्या. प्रितम फोटोसाठी मोबाइल शोधू लागला. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि एका झटक्यात हाताने सगळी होडी बोर्डावरून खाली ढकलून दिली.

"आई! अगं, सगळी वाट लावलीस!"

"परीक्षा माझी होती ना रे, मग पेपर तुम्ही का सोडवलात? आता मी काय करू दिवसभर? भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत बसू?"

अंबादासराव हळूच म्हणाले, "अगं, उजव्या हाताने ढकललंस. डावा लावलाच नाहीस."

चेतना तुकडे गोळा करायला वाकली.

"राहू दे गं. तेही मीच उचलणार." बाई पाय पसरून खाली बसल्या. चेतना शेजारी बसली आणि तिने स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मित्रांनो, आयुष्यात मी पाहिलेली सगळ्यात अवघड सेवा ती.

तुमच्याही घरी कुणी आजारी असेल, हळू चालणारं, थरथरत्या हाताने कप धरणारं. त्यांच्यासाठी पुष्कळ करा. पण त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. सांडलं तर सांडू द्या.

पाठाच्या दिवशी मी टीपॉयखाली डब्यात होतो. पहिली काडी मोडल्याचं ऐकू आलं. दुसरी विझली. भंतेजी थांबले होते. हॉल माणसांनी भरलेला, पण एकही हात पुढे आला नाही. मग काडी पुन्हा ओढल्याचा आवाज झाला आणि डब्याच्या फटीतून माझ्या मोकळ्या तुकड्यांवर उजेड पडला.