धाकट्याच्या कोटाला टक्स

"साडेअडतीस!" मी ओरडलो आणि टायरच्या दुकानावरची ती व्यायामशाळा टाळ्यांनी दणाणली. दोन महिन्यांपूर्वी हीच छाती मी पस्तीस मोजली होती. छाती माझ्या धाकट्या भावाची.

"पाहिलंत?" व्यायामशाळेचे गुरू छातीबाबा गरजले. "वजनं उचलून काय होतंय, बाळांनो? छाती वाढते मंत्राने! हवा आत, अहंकार बाहेर! आणि रोज दोन तेजोगोळ्या. गोळीत औषध नाही, नुसता माझा श्वास आहे."

श्वास डबीत भरून विकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण मोजणारा मी, टेप माझी, मग शंका घ्यायची कुणावर? साक्षीला बाबांनी मुद्दाम मला, शिंप्याला, बोलावलं होतं. बेरकी माणूस!

धाकट्याला हे वेड लागलं त्याला कारण होतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. बाबा म्हणाले, "पौरुष वाढव, घर भरेल." झालं! हा गोळ्या गिळू लागला. पाठभर पुरळ आलं, केस मागे सरकले, आणि डोकं असं तापायचं की चहात साखर कमी पडली म्हणून पठ्ठ्याने कपाटाचं दार उखडलं.

"अहंकार बाहेर पडतोय," बाबांनी खुलासा केला.

"मग बाहेरच्या बाहेर सोडायला सांगा की. माझ्या स्वयंपाकघरात कशाला?" भावजय म्हणाली.

त्यातच त्याला मेव्हणीच्या लग्नासाठी कोट हवा झाला.

"दादा, पुढून फुगतोय. तुझा हात बिघडला."

कोट मी दोनदा उसवला. तिसऱ्यांदा खडू घेतला आणि हाताने आपोआप जिथे खूण केली ती पाहून मीच दचकलो. वीस वर्षं मी ब्लाउज शिवलेत.

"अरे, तुला टक्स लागताहेत!"

टक्स म्हणजे ब्लाउजला छातीच्या उभारासाठी मारतात ती शिवण. पुरुषाच्या कोटाला मी ती जन्मात मारली नव्हती.

"काहीतरीच काय!" तो खेकसला. मग दोन्ही हात छातीवर धरून हळूच म्हणाला, "दुखतंय रे तिथे."

माझ्या गिऱ्हाईक असलेल्या डॉक्टरबाईंनी त्याचं रक्त तपासलं, गोळ्या प्रयोगशाळेत धाडल्या आणि रविवारी स्वतःच व्यायामशाळेचा जिना चढल्या.

"बाबा, नुसता श्वास आहे ना? मग गिळा एक."

"आम्ही गोळीच्या पलीकडे गेलोय."

"शहाणे आहात! यात ॲनाबॉलिक स्टेरॉइड आहे, पुरुषी हार्मोनची नक्कल. स्नायू फुगतात ते त्याने. पण शरीर म्हणतं, माल बाहेरून येतोय, आपला कारखाना कशाला चालवू? मग शुक्रजंतू बनेनासे होतात. जादा हार्मोनचं बायकी हार्मोन होतं, म्हणून पुरुषाला स्तन येतात. वर्षानुवर्षं घेतलं तर हृदय जाड होतं, यकृत बिघडतं, ऐन उमेदीत झटका येतो. या मुलाचं ब्लडप्रेशर आत्ताच एकशे ऐंशी आहे."

"हा मंत्राचा अपमान आहे!"

"मंत्र चालू ठेवा, गोळ्या बंद करा. दोन महिन्यांनी शिंपीदादा पुन्हा मोजतील."

बाबा मागच्या जिन्याने गेले ते गेलेच.

माझी मापं खरी होती, याचीच मला जास्त लाज वाटते. छाती किती वाढली ते मी गावभर ओरडलो, का वाढली ते एकदाही विचारलं नाही. तुम्ही विचारा. कुणी आयती ताकद देऊ लागला तर त्यात काय आहे, ते कुणी तपासलं आणि देणारा स्वतः का घेत नाही, हे तोंडावर विचारा. राग आला तर येऊ दे त्याला.

धाकट्याच्या वीर्यतपासणीच्या रिपोर्टात शुक्रजंतू जवळजवळ शून्य निघाले. तो कागद हातात धरून त्याने डॉक्टरबाईंना विचारलं, "आता सोडल्यात गोळ्या. मूल होईल ना? नक्की सांगा."

"बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं. कधी वर्ष जातं, कधी जास्त. काहींचं नाही सुधारत. नक्की कसं सांगू? मी डॉक्टर आहे, बाबा नाही."

"सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं," भावजय म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.