फुंक मारायचा नियम

मुकुंदवाडीच्या टॅक्सी स्टँडवर गयासचाचांचा एकच नियम होता. गाडीची किल्ली हवी, तर आधी त्यांच्या नाकासमोर फुंक मारायची. दारूचा वास आला की ट्रिप गेली. सत्यम ड्रायव्हरची दोनदा गेली होती, आणि दोन्ही वेळा चाचांनी त्याला अख्ख्या स्टँडसमोर फैलावर घेतलं होतं. स्वतः चाचा तंबाखूलाही शिवत नसत, आणि हे ऐकवायची संधीही सोडत नसत.

आज ते लेकीला, गजालाला, पहिल्या बाळंतपणासाठी फर्दापूरहून माहेरी आणत होते. घरात तान्हं बाळ येणार, तिथं सर्दी कशाला न्यायची, म्हणून फर्दापूरहून निघताना त्यांनी आपल्या सर्दीवर गोळी घेतली. ही खाऊन गाडी चालवू नका, झोप येते, असं मेडिकलवाल्यानं बजावलं होतं. चाचा हसले होते. "दारू थोडीच हाय?"

सिल्लोड मागे पडलं तसे डोळे जड झाले. मग एकदम चाकं खडीवर खडखडली.

"अब्बा!"

चाचांनी करकचून ब्रेक दाबला. पुलाचा कठडा हातभर राहिला होता. गजालानं दोन्ही हात पोटावर धरले होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हिलरा, अब्बा. बच्चा हिलरा."

चाचांना रडूच फुटलं.

तोंडावर पाणी मारावं आणि निघावं, असं मन अजूनही सांगत होतं. मनाचा त्यांना पहिल्यांदाच राग आला. त्यांनी स्टँडवर फोन लावला. मोकळा होता तो एकटा सत्यम.

तो एसटीनं आला, सवयीनं चाचांसमोर उभा राहिला आणि फुंक मारायला तोंड उघडलं.

"राहू दे," चाचा म्हणाले. "सकाळपासून नाक बंद हाय. कसलाच वास येईना."

म्हणजे सकाळी सगळ्यांच्या फुंका घेऊन त्यांनी किल्ल्या वाटल्या, त्या वास न येताच, हे सत्यमच्या ध्यानात आलं.

"तूच सांग. प्यालास का?"

"नाय, चाचा."

चाचांनी मागं वळून लेकीकडे पाहिलं. या पोराच्या शब्दावर त्यांनी आजवर साधी रिकामी गाडीही सोडली नव्हती.

"गोळी-बिळी काही?"

"नाय. पण गोळीचं कशाला इचारता?"

"मी खाल्लीय," चाचा म्हणाले. किल्ली त्याच्या हातावर ठेवून ते मागच्या सीटवर लेकीशेजारी जाऊन बसले.