आपला आवाज येत नाहीये

ऑफिसात तिला सगळे ‘फ्रिज’ म्हणत. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचं तिचं काम, आणि समोरचा माणूस कितीही पेटला तरी ही आपली थंडच, म्हणून ते नाव. बर्फ जमत नाही म्हणून लोक तिचं खानदान काढत. मशीनमध्ये शर्ट फाटला की जणू हिनेच तो दातांनी फाडलाय अशा थाटात ओरडत. ती म्हणायची, “आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व,” आणि नेलपॉलिश वाळावं म्हणून नखांवर खुशाल फुंकर घालत बसायची. शेजारच्या खुर्चीतली मैत्रीण मात्र अधूनमधून बाथरूममध्ये जाऊन रडून यायची.

“तुला काहीच कसं लागत नाही गं?” मैत्रिणीने एकदा विचारलं.

“अगं, ओरडतात म्हणजे निदान काय बिनसलंय ते तरी सांगतात!”

सगळ्या हसल्या. ही गंमत नव्हती हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

कारण घरी नवरा होता, आणि नवरा ओरडत नसे. तो विमा एजंट. बाहेर असा बोलायचा की दगडानेसुद्धा पॉलिसी घ्यावी. गल्लीतल्या यच्चयावत माणसांची त्याने आस्थेने चौकशी केलेली असायची. पण घरात काही मनाविरुद्ध झालं, की स्वारी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. किती दिवस, ते गुळणी धरणाऱ्याच्या मर्जीवर. का, ते ओळखायचं काम बायकोचं.

आणि ती बिचारी ओळखत बसायची. चहा गार होता का? टॉवेल ओला होता का? फोनवर बहिणीशी जास्त हसले का? दर वेळी काहीतरी सोडून द्यावं लागे, मग गुळणी सुटे. गाण्याचा क्लास सोडला, त्याच संध्याकाळी तो म्हणाला, “भाजी छान झालीय.” बहिणीकडे राहायला जाणं बंद केलं, तेव्हा चक्क आइस्क्रीम घेऊन आला. लोकांना यात वावगं काय दिसणार? सगळे म्हणत, काय शांत स्वभावाचा नवरा मिळालाय!

सासूबाईही तेच म्हणत. “माझ्या नशिबी आलेला माणूस भरली ताटं भिरकवायचा. भिंती पुसून पुसून हात दुखायचे माझे. हा बघ, कधी आवाज चढवत नाही.” यावर काय बोलणार? भिंती तर खरोखरच स्वच्छ होत्या.

तिसरीतल्या लेकीने या सगळ्याचं शास्त्र बनवलं होतं. शाळेतून आली की ती आधी दारातले बाबांचे बूट बघे. बूट इकडेतिकडे पडलेले असले की खुशाल आरडाओरडा करत आत. बूट टाचा जुळवून सावधान उभे असले की तीही चवड्यांवर चालत आत. जेवायच्या टेबलावर निरोपांची ने-आण तिच्याकडेच असायची. “आई, बाबा विचारताहेत मीठ कुठाय.” “बाबा, आई म्हणतेय तुमच्या हाताशीच आहे.” दोघांमध्ये अंतर हातभर, पण टपाल लेकीकडूनच जायचं.

अशात सुपरवायझरबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. नव्याने लागणाऱ्या मुलींना शिकवायला कुणीतरी हवं होतं. “तू शिकवशील? शुक्रवारपर्यंत सांग.” फ्रिज आयुष्यात पहिल्यांदा वितळली. घरी येऊन तिने जेवताना सगळ्यांना सांगितलं. लेकीने टाळ्या वाजवल्या, सासूबाई “बरं झालं हो” म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दारात बूट टाचा जुळवून उभे.

या खेपेला कोडं सुटायला वेळ लागला नाही. तरी तिने चहा जास्त गरम केला, टॉवेल इस्त्री केला, पडदे बदलले. बूट काही हलेनात. गुरुवारी रात्री तिने ठरवून टाकलं, नाही म्हणून मोकळं व्हावं. इतकं हवं होतं तिला ते काम की ‘नाही’ची तालीम करताना दर वेळी तोंडून ‘हो’च निघे.

शुक्रवारी सकाळी ती दात घासत उभी होती. लेक मागे येऊन थांबली. तोंडात ब्रश, म्हणून ही काही बोलली नाही.

“आई, सॉरी,” लेक म्हणाली.

तिने आरशातूनच भुवया उंचावल्या.

“हिरवी पेन्सिल मी हरवली. आणि काल दूध कुंडीत ओतलं. आणि…” पोरीचा चेहरा रडवेला झाला. “अजून काही असेल तर त्याचं पण सॉरी. पण तू बोल ना गं.”

फेस तसाच तोंडात घेऊन तिने लेकीला जवळ ओढलं. पोरीच्या केसांना टूथपेस्ट लागली. रोज कुणाकुणाच्या शिव्या कोरड्या डोळ्यांनी ऐकणारी ही बाई, ती त्या एवढ्याशा “अजून काही असेल तर”ने ढसाढसा रडली.

नाश्त्याला चौघं टेबलाशी बसली. नवऱ्याने पेपर उभा धरला होता. तिने आज टपाल लेकीकडे दिलं नाही.

“अहो, आज मला ऑफिसात उत्तर द्यायचंय. काय सांगू?”

पेपरचं पान उलटलं.

“अहो, ऐकताय ना? मी ते काम घ्यायचं म्हणतेय.”

पेपरमागे चहाचा घुटका वाजला. आणि इथे तिचं डोकं थांबलं आणि सवय पुढे झाली. गिऱ्हाइकाने शिवी दिली तर एकदा बजावायचं, पुन्हा दिली तर फोन ठेवायचा. गिऱ्हाईक बोललंच नाही तर दोनदा विचारायचं आणि मग फोन ठेवायचा. हे नियम ऑफिसात प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर चिकटवलेले होते. इतकी वर्षं ते पाळून पाळून तिच्या जिभेत मुरले होते.

“हॅलो, आपला आवाज येत नाहीये,” ती म्हणाली. आवाज गोड, स्वच्छ, ऑफिसातला. “आपल्याकडून प्रतिसाद मिळत नसल्यामुळे मी हा कॉल बंद करत आहे. फोन केल्याबद्दल धन्यवाद. आपला दिवस शुभ असो.”

आपण काय बोललो हे तिला ‘शुभ असो’पाशी कळलं. जीभ चावायला हवी होती. पण कानावरचा जड हेडफोन काढल्यासारखं इतकं हलकं वाटलं, की तिने पावाला लोणी लावायला घेतलं.

पेपर खाली आला. कधी नव्हे तो नवऱ्याचा चेहरा सकाळच्या उजेडात दिसला. तो लेकीकडे वळला. “विचार तिला, हा काय चावटपणा आहे?”

लेकीने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. “बाबा, कॉल कट झालाय,” ती गंभीरपणे म्हणाली. “आता तुम्हालाच पुन्हा लावावा लागेल.”

“मी ह्या घरात…” नवरा थेट बायकोशीच बोलला, “तू दिवसभर मुली शिकवत बसणार, मग घराचं काय?”

“आपली तक्रार नोंदवून घेतली आहे,” ती म्हणाली. आता हे सवयीने नव्हतं. “मी काम घेतेय. घराचं आपण दोघं मिळून बघू. बोलायचं असेल तेव्हा बोला, मी ऐकेन. गप्प बसायचं असेल तर खुशाल बसा, पण का ते मी ओळखणार नाही.”

तो उठला, बूट घातले आणि दार धाडकन लावून गेला. इतक्या वर्षांत त्या दाराने पहिल्यांदाच आवाज केला.

सासूबाई इतका वेळ गार चहाच्या कपात बघत होत्या.

“कुणी बोललंच नाही तर तुमच्या ऑफिसात असं म्हणायचं असतं होय?” त्या हळूच म्हणाल्या. “मग कुणी ताटं भिरकवली, तर काय म्हणायचं असतं गं?”

“एकदा बजावायचं, आई. आणि मग ठेवून द्यायचं.”

“एकदाच?”

“एकदाच.”

सासूबाईंनी समोरच्या स्वच्छ भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून सुनेचा डबा त्यांनी स्वतः भरला.

नवरा एका सकाळीत बदलला असं कुणी समजू नये. शनिवारी बूट पुन्हा टाचा जुळवून उभे होते. ती दात घासत होती. लेक येऊन मागे उभी राहिली, आरशात आईकडे नीट बघितलं.

“तोंडात फेस आहे म्हणून गप्प आहेस ना?”

तिने मान डोलावली.

“मला वाटलंच,” म्हणत लेकीने आपला ब्रश घेतला, आणि आईला धक्का देऊन आरशासमोर जागा केली.