रुपीबाईच्या हातातल्या गाठी

निवृत्तीनंतर डॉ. शीलाताईंना प्रयोगशाळेचे दिवस आठवले, की आधी स्पिरिटचा वास यायचा, मग तंत्रज्ञ धम्मरत्नचं गुणगुणणं ऐकू यायचं आणि मग हमखास रुपीबाई डोळ्यांसमोर उभी राहायची.

साल दोन हजार सहा. कापसाचे भाव पार कोसळले होते. बोरी अरबजवळच्या तांड्यावरची रुपीबाई तरीही रोज वेचणीला जायची. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, खुंट हातात घुसला आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडीखाली गाठींची रांग उठली. ती रुग्णालयात आली. तिथल्या प्रयोगशाळेत शीलाताईंनी मनगटाजवळच्या गाठीचा तुकडा तपासला, त्यात बुरशी निघाली. गोळ्या सुरू झाल्या. मनगटाजवळच्या गाठी बसल्या, पण कोपराजवळच्या फुटून वाहू लागल्या.

शीलाताई चिडल्या. हिने गोळ्या मध्येच सोडल्या असणार, असं त्या वॉर्डात सगळ्यांसमोर बोलून गेल्या. पिशवीतून गोळ्यांची सगळी पाकिटं काढून रुपीबाईने टेबलावर ठेवली. एकूण एक रिकामं होतं.

"बाई खोटं काहून बोलन, मॅडम?" धम्मरत्न संध्याकाळी हळूच म्हणाला. "कोपराजवळची गाठ टीबीच्या जंतूसाठी पाहू का?"

एकदा बुरशी सापडल्यावर आणखी काही शोधावं, हे शीलाताईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा तुकडा घेतला. दोघं आळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. तासाभराने निळ्या रंगात टीबीच्या जंतूसारखी एक बारीक लाल काडी दिसली, मग आणखी दोन. खात्रीसाठी धम्मरत्नने त्याच तुकड्याचे कण वेगवेगळ्या नळ्यांत वाढायला ठेवले. आठवड्याभरात एकीत बुरशी धरली. दुसरीत मात्र काहीच उगवलं नाही. तो रोज सकाळी ती उजेडात धरून बघायचा. पाचव्या आठवड्यात तिच्यात पिवळसर, खरबरीत ठिपके उठले. क्षयाचे जंतू. एकाच हातात दोन्ही दुखणी नांदत होती.

दोन्हींची औषधं सुरू झाली. नऊ महिन्यांनी हात कोरडा पडला. रुपीबाई दाखवायला आली, तेव्हा शीलाताई तिला त्याच वॉर्डात घेऊन गेल्या.

"माझं चुकलं, रुपीबाई," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "तुम्ही गोळ्या नेमाने घेत होता."

"मले तं मालूम होतं," रुपीबाई हसली. "तुमाले समजाले टाइम लागला."

पुढे धम्मरत्नला ती बोरीच्या बाजारात दिसली. कासाराच्या दुकानात बसून, कोपरापर्यंत बांगड्या भरून घेत होती.