दुपारचा उंचवटा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही जावईबापूच म्हणतो. मान म्हणून नव्हे; दुसरं काही म्हणावं असं त्याच्यात सापडलं नाही म्हणून.

विमा कंपनीत तो साहेब आहे, पण हाताखालचे लोक त्याला हिंग लावून विचारत नाहीत, म्हणून सगळी साहेबी घरी. त्याने नवा राउटर आणला आणि फोनवर एक ॲप घेतलं. घरातलं कुठलं यंत्र वायफायवरून किती डेटा ओढतं, ते त्यात दिसायचं. झालं, माकडाच्या हाती कोलीत! मुलीच्या टॅबला मर्यादा, टीव्हीला मर्यादा. जेवताना हा आकडे वाचून दाखवणार आणि पोरीने घास हातात धरून ऐकायचे.

एका रविवारी सकाळी त्याने आईबाबांना आणि मला बोलावून घेतलं. "फोनवर सांगण्यासारखं नाही," म्हणाला. कुणाला तरी मोठं दुखणं निघालं, असं धरून आम्ही धावत गेलो.

पाहतो तर टीव्हीवर आलेख आणि समोर ओळीने खुर्च्या. धाकटी कडेला स्टुलावर, आरोपीसारखी.

"हा हिचा फोन," तो पेनाने दाखवत म्हणाला. "सकाळी काही नाही, संध्याकाळी काही नाही. आणि रोज दुपारी, मी ऑफिसात असताना, केवढा उंचवटा! एवढा डेटा व्हिडिओ कॉलशिवाय जात नाही. आता तुम्हीच विचारा तिला, कोण आहे तो."

कोणाशी बोलणं होतं ते त्याला दिसत नव्हतं. किती डेटा गेला, एवढंच दिसत होतं. बाकीचं त्याने स्वतःच्या मनातून भरलं होतं, आणि तिथे कसला माल आहे ते आम्हाला कळलं.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. बाबा म्हणाले, "जावईबापू, तिला विचारलंत का?"

"विचारायचं काय? पुरावा समोर आहे."

आता ही रडणार, असं मला वाटलं. ती रडली नाही.

"तुझी आई," ती म्हणाली.

"काय माझी आई?"

"रोज दुपारी त्यांच्याशी बोलते मी. दादा-वहिनी कामावर गेले की त्या एकट्याच असतात."

त्याची आई थोरल्याकडे, दुसऱ्या गावी राहायची. भावाशी फाटल्यापासून ह्याने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. भांडण भावाशी, शिक्षा आईला.

निदान आता तरी मान खाली जाईल, असं वाटलं. तो आलेखाकडे बघत म्हणाला, "मग व्हिडिओ कशाला? नुसता आवाज पुरतो की. डेटा कितीतरी कमी लागतो."

चपलेला काही चिकटल्यावर बघावं तसं धाकटीने त्याच्याकडे बघितलं. "त्यांना ऐकू येत नाही. आजारपणात दोन्ही कान गेले. माझे ओठ बघून बोलतात त्या."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कधी?"

तिने आमच्यादेखत फोन लावला. पडद्यावर म्हातारीचा चेहरा उमटला, हसरा. धाकटी फोन नवऱ्याकडे वळवू लागली. "बोल."

"राउटर बघून येतो," तो पुटपुटला आणि फोन पुरता वळण्याआधीच आतल्या खोलीत गेला.

"घरी पाहुणे वाटतं?" म्हातारीने विचारलं. "तो आहे का गं?"

"आहेत," धाकटी सावकाश ओठ हलवत म्हणाली. "कामात आहेत."

आई म्हणाली, "ऊठ, बॅग भर, चल आमच्याबरोबर." धाकटी म्हणाली, "मी का जाऊ? मी काय केलंय?" ती तिथेच राहिली. पण त्या महिन्यात तिने स्वतःचं वेगळं कनेक्शन घेतलं, आणि शाळेला सुट्टी लागताच मुलीला घेऊन सासूकडे राहून आली. त्याला विचारलं नाही, सांगितलं फक्त.

पुढे एका नात्यातल्या लग्नात तो भेटला. चारचौघांत सांगत होता, "आईला ऐकू येत नाही ना, म्हणून घरात सांगूनच टाकलंय, तिच्याशी बोलायला लागेल तेवढा डेटा वापरा. आईपुढे कसली मर्यादा?"

"असा मुलगा मिळायला नशीब लागतं," एक मावशी म्हणाल्या, आणि त्याने नम्रपणे मान झुकवली.

मी ताट तसंच टाकून हात धुवायला उठले.